डावा कोपरा

रविवारी सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर आम्ही पाचजण बसतो. सगळे पन्नाशी ओलांडलेले, सगळ्यांची पोटं सुटलेली. आमच्यातला एकही जण गावाच्या कबड्डी संघातून कधी खेळला नाही. आम्ही बघणारे. टेंपोच्या हौद्यात उभं राहून गावोगाव हिंडलेले, मैदानाच्या कडेला घसा फोडलेले. त्यामुळे संघाच्या जुन्या खेळाडूंवर आपला हक्क आहे असं आम्हाला वाटतं आणि तो हक्क आम्ही दर रविवारी वसूल करतो.

आमच्या सगळ्यात लांब दमाच्या चढाईपटूच्या पायाची दोन बोटं साखरेपायी कापली. ती बातमी आली तेव्हा पायरीवर पहिलं वाक्य निघालं ते असं : "आता बोनसच्या रेषेपार पाय कसा टाकायचा ह्यानं?" सगळे खदखदून हसले. मीही हसलो. हाच माणूस एका चढाईत चौघांना बाद करून आला होता आणि आम्ही त्याला खांद्यावर घेऊन पौडच्या बाजारातून मिरवलं होतं. ते आम्ही विसरलेलो नाही. पण ते काढून हसता येत नाही.

सगळ्यात जास्त विषय निघतो तो डाव्या कोपऱ्याचा. बचावात सात गड्यांच्या डाव्या टोकाला जो उभा राहतो, त्याला कोपरा म्हणतात. आलेल्या चढाईवाल्याचा घोटा धरायचा आणि बाकीचे येऊन पडेपर्यंत सोडायचा नाही, एवढंच त्याचं काम. आमच्या गावात ते काम एका माणसानं अठरा वर्षं केलं. घोटावड्याकडच्या एका कारखान्यात तो मशीनवर होता. पहिली पाळी करून आला की चहा पिऊन मैदानावर. सगळ्यात जुना गडी असूनही मैदानावर पाणी तोच मारायचा, खडे तोच वेचायचा. बोलायचा कमी. त्यानं घोटा धरला की आम्ही पुढचं बघायचोच नाही, टाळ्या आधीच सुरू व्हायच्या.

त्याची बायको आमच्या दुकानात बांगड्या भरायला यायची. आम्ही मणेर. बांगड्या भरणं हा आमचा पिढ्यांचा धंदा. अब्बा गादीवर बसून भरायचे, मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो. अंगठ्याखालचा सांधा आत दाबायचा, हात साबणानं ओला ठेवायचा आणि बाईला सांगायचं, हात सैल सोडा. ती मला भाऊ म्हणायची.

वीसेक वर्षं झाली त्या अंतिम सामन्याला. घोटावड्याचं मैदान, दुपारची वेळ, आम्ही एका गुणानं पुढं आणि समोरच्यांची शेवटची चढाई. त्यांचा गडी आत आला, आमच्या डावीकडं सरकला आणि कोपऱ्यानं झेप घेऊन दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला. तो तोंडावर आपटला. आमच्या दुसऱ्या एकानं त्याची कंबर धरली. मध्यरेषा त्याच्या बोटांपासून हातभर लांब होती. आम्ही उड्या मारायला लागलो होतो. आणि घोटा सुटला. कंबर धरलेल्या गड्यासकट तो पालीसारखा पुढं सरपटला आणि त्यानं रेषेला बोटं टेकवली. शिवलेले आमचे दोघं बाद, त्यांना दोन गुण. आम्ही एका गुणानं हरलो.

कोपरा तसाच मातीत पालथा पडून राहिला, हात पुढं पसरलेले. त्याला उठवायला कुणी गेलं नाही.

परत येताना टेंपोत खेळाडू आणि आम्ही एकत्रच. मग आमच्यातला एकजण म्हणाला, "किती घेतलेस रं?" कोपऱ्यानं वर पाहिलं.

"काय किती?"

"सोडायचे पैसे. किती घेतलेस?"

फाट्यावर टेंपो थांबला तेव्हा विचारणाराच म्हणाला, "उतर हितं. जा चालत." कोपऱ्यानं कप्तानाकडं पाहिलं. कप्तान बाहेर बघत होता. "बरं," म्हणून कोपरा उतरला. उतरताना त्यानं आपली पिशवी मागितली, ती आम्ही रस्त्यावर फेकली. गावात पोहोचून आमचा दुसरा चहा होत आला तेव्हा तो स्टँडवरून घराकडं चालत गेला, उजेड होता अजून.

दुसऱ्या दिवशी पायरीवरचे बाकीचे चौघं दुकानात आले. कोपऱ्याच्या घरी बांगड्या पाठवायच्या असं त्यांचं ठरलं होतं. अब्बा मालाला पुण्याला गेले होते.

"हिरव्या दे डझनभर. दारात ठेवून येतो."

आणि मी म्हणालो, "दारात ठेवून काय व्हतंय? भरायला पायजेत."

ही कल्पना माझी. पायरीवर सांगताना आम्ही "आपण भरल्या" म्हणतो, पण ती माझी होती. माप पण मीच काढलं. पुरुषाच्या हाताला अडीचची जाणार नाही, पावणेतीनची लागेल, असं सांगून मी वरच्या फळीवरचा डबा उतरवला.

संध्याकाळी तो सरावाला येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं, पण आला होता. हातात झारी घेऊन मैदानावर पाणी मारत होता. संघ बाजूला उभा होता. आम्ही पाचजण मैदानात शिरलो. एकानं झारी काढून घेतली, म्हणाला, "हात पुढं कर."

त्यानं माझ्या हातातला डबा बघितला.

"तू भरणार?"

"माझाच धंदा हाय."

आम्हा पाचांना एका हातानं लोळवेल असा गडी. मला मनातून भीती वाटत होती. कप्तान खाली बसून गुडघ्याची पट्टी सोडून पुन्हा बांधायला लागला. कोपऱ्यानं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि उजवा हात माझ्यापुढं केला. टाचेसारखा टणक पंजा. मी अंगठ्याचा सांधा दाबला आणि मोठ्यानं म्हणालो, "हात सैल सोडा, वहिनी."

सगळं मैदान हसलं. संघातली पोरंसुद्धा.

त्यानं खरंच सोडला. इतका सैल हात मी कुणाचा धरला नाही, नव्या नवरीचासुद्धा नाही. उजव्यात सहा भरल्या. डाव्यात भरताना एक तडकली आणि त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी रक्त आलं. म्हणजे डाव्यात पाच. भरून झाल्यावर त्यानं आमच्या माणसाच्या हातातून झारी परत घेतली आणि राहिलेल्या अर्ध्या मैदानावर पाणी मारलं. बांगड्या वाजत होत्या. मग झारी जागेवर ठेवून तो घरी गेला. खेळायला तो त्यानंतर कधी आला नाही.

त्या बांगड्या त्यानं काढल्या नाहीत. सकाळी त्याच घालून एसटीला उभा राहिला, बाह्या दुमडून. पहिल्या दिवशी स्टँडवर लोक हसून वाकले. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. कारखान्यात काच घालून मशीनवर चालत नाही म्हणून त्याला परत पाठवला, तर तो घरी येऊन ओट्यावर बसला, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असा. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या रस्त्यानं जायचं लोक टाळायला लागले. मीही मागच्या गल्लीनं जायला लागलो.

मग त्याची बायको दुकानात आली. मी गल्ल्यावर होतो, पायरीवर आमचे दोघं बसले होते. अब्बा आत माल लावत होते.

"भाऊ, घरी चल. त्यांच्या हातातल्या काढ."

"त्यांनीच काढाव्या की."

"म्हणत्यात, ज्यानं भरल्या त्यानं काढायच्या. डावं मनगट सुजलंय. तडकलेली काच आत हाय. डॉक्टरकडं पण येत न्हाईत."

पायरीवरचे दोघं मान न वळवता ऐकत होते. त्यांच्यासमोर उठून तिच्यामागं जाणं मला जमलं नसतं. मी म्हणालो, "धंदा सोडून न्हाई येता येत, वहिनी. तुमीच फोडा की."

बांगड्यांच्या धंद्यात 'फोडा' म्हणत नाहीत. काच तडकली तरी 'वाढवली' म्हणायचं. फोडतात त्या नवरा गेल्यावर. कुंकू लावलेल्या बाईपुढं हा शब्द काढायचा नाही, हे मला चड्डीत होतो तेव्हापासून माहीत होतं. म्हणूनच मी तो काढला. पायरीवरचा एकजण फिसकन हसला.

ती तशीच उभी राहिली. आतून अब्बा आले. त्यांनी टोपी घातली, साबणाची वडी आणि एक जुना पंचा पिशवीत टाकला आणि तिला म्हणाले, "चल बेटी." त्या वयात त्यांना त्या घराचा चढ चढवत नसे, पण ते तिच्यामागं गेले.

तासाभरानं परत आले. पंच्याची गाठ सोडून त्यांनी गल्ल्यावर बांगड्या मांडल्या. अकरा. एकही वाढवली नव्हती.

"तू त्याला काय म्हणालास भरताना?" अब्बांनी विचारलं.

मी बांगड्या उचलून डब्यात ठेवायला लागलो.

"त्यानं सांगितलं मला. आजपासून कुठल्या बाईच्या हाताला हात लावायचा न्हाई तू. पिना इक, आरसे इक."

मला वाटलं राग चार दिवसांत उतरेल. अब्बा नऊ वर्षं जगले. त्या नऊ वर्षांत ते गादीवर बसून भरत राहिले, हात थरथरायला लागल्यावरही, आणि मी पलीकडं पिना आणि रिबिनी विकल्या. बायका विचारायच्या, पोरगा का न्हाई भरत? अब्बा म्हणायचे, "त्याला येत न्हाई." ते गेले तोवर बायका तयार जोड डब्यातून घ्यायला लागल्या होत्या. आता मी मोबाईलची कव्हरंही ठेवतो.

गेल्या थंडीत संघाचा वर्धापनदिन झाला. शाळेच्या पटांगणात मांडव, मॅटवरचे सामने आणि जुन्या खेळाडूंचा सत्कार. यादीत कोपऱ्याचं नाव घालू नये असं आमचं मत होतं. पण नव्या पोरांनी संघाच्या जुन्या वह्या काढल्या आणि सगळ्यात जास्त वर्षं खेळलेला तोच निघाला. तो आला. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी, केस पूर्ण पिकलेले. बायको बरोबर.

माईकवर आमच्याच पायरीवरचा एकजण होता, टेंपोतून उतर म्हणणारा. कोपऱ्याचं नाव आलं तेव्हा तो म्हणाला, "आणि आता, ज्यांनी आपल्याला घोटावड्यात रडवलं ते..." मांडव हसला. कोपऱ्यानं शाल घेतली, नारळ घेतला आणि माईकसाठी हात पुढं केला. द्यावाच लागला.

"मी अठरा वर्षं कोपऱ्यात उभा राहिलो," तो म्हणाला. "तितं पुढचा चढाईवाला डोळ्यांनी दिसतोय आन मागची माणसं कानांनी. तुमी मला बघत व्हता, मी तुमाला ऐकत व्हतो. मला तुमी सगळे आवाजानं ठाऊक हाय."

लोक हसले. त्यांना वाटलं गंमत करतोय.

"हा माईकवाला. माझी आई गेली, डोकं भादरलेलं. दहावं झालं आन अकराव्या दिवशी मी सामन्याला आलो. हा मागनं वरडला, टकल्या, आईनं तेल लावलं न्हाई का आज? तो सामना आपण जिंकला. तो पलीकडचा, मफलरवाला. माझी पकड उशिरा झाली की पोटरीवर खडा मारायचा. एकदा शिरेवर बसला, मला पंधरा दिवस पाय टेकवत नव्हता. तेबी जिंकलो." मग तो मला शोधत थांबला. "मणेर. ह्याचा हात हलका. बापाचा ह्याच्याहून हलका."

आता कुणी हसत नव्हतं.

"ती पकड का सुटली, हे मला आजवर एकानंबी इचारलं न्हाई. किती घेतलेस ते इचारलं. घोटा हातात व्हता आन सुटला. घामानं म्हणा, कशानंबी म्हणा. दुसरं काय न्हाई." त्यानं माईक परत दिला आणि खाली उतरला. टाळ्या पडल्या, पण तुटक.

जेवणाच्या पंगतीत जिलबी वाढायचं काम माझ्याकडं होतं. त्याच्या बायकोच्या ताटापर्यंत गेलो तर तिनं ताटावर आडवा हात धरला. हातभर हिरव्या बांगड्या, माझ्या दुकानातल्या नाहीत. "नको, भाऊ," म्हणाली. त्यानं दोन घेतल्या आणि म्हणाला, "गरम हायेत." मी पुढं सरकलो.

पुढच्या रविवारी पायरीवर विषय तोच.

"लई बोलला."

"दिला कुणी माईक त्याच्या हातात?"

"सुटली म्हणे. अठरा वर्षं सुटली न्हाई, ती बरी त्याच दिवशी सुटली."

मग चौघंही माझ्याकडं बघायला लागले. तो माझ्याबद्दलही बोलला होता, तेव्हा मी काहीतरी म्हणणं भाग होतं. त्यानं काही घेतलं नव्हतं, हे मला माहीत होतं. ते मी त्याचा हात धरला तेव्हापासून माहीत होतं. मी म्हणालो, "घेतलेच असणार. न्हाईतर इतका निमूट हात पुढं कोण करतंय?"

सगळ्यांना ते पटलं. तेव्हापासून गावात ते तसंच सांगतात.