पट्ट्याखालची फट

पडदा वर जातो तेव्हा अग्निशमन दलाचा हॉल दिसतो. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधीचा शनिवार, जुन्या बंदुकांच्या बाजाराचा. लांब टेबलांवर जुन्या लष्करी रायफली, स्वयंपाकघरात चर्चच्या बायकांचे बटाट्याचं सारण भरलेले पियेरोगी तव्यावर, आणि मधल्या टेबलाशी डॉर्सी क्लाइनफेल्टर. मी शेजारच्याच टेबलावर माझ्या जुन्या नाटकांची पोस्टरं विकत होतो. म्हणजे विकत नव्हतो, कुणी घेत नव्हतं.

डॉर्सीने लाकडाच्या गिरणीत जन्मभर करवतींना धार लावली. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या या कोपऱ्यात जुनी रायफल घ्यायची तर आधी त्याला दाखवायची, हा रिवाज. तो सर्वांवर उपकार करी आणि सर्वांना टोमणे मारी. टोमण्यांसाठी त्याचं आवडतं गिऱ्हाईक एमिल. एमिल दुसऱ्या महायुद्धात स्वयंपाकी होता आणि घरातली जर्मन रायफल आपण स्वतः तिकडून आणली, असं सांगे.

"आणलीस खरी," डॉर्सी म्हणे, "पण हार्डवेअरच्या दुकानातून!" युद्धानंतर अशा लष्करी रायफली तिथे स्वस्तात मिळत.

एमिल हसे, पण रायफल उघडू देत नसे. माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर राहू दे, म्हणे.

एमिल वसंतात गेला. त्या शनिवारी त्याची बायको विल्मा ब्लँकेटात गुंडाळलेली रायफल घेऊन आली आणि ती डॉर्सीपुढे ठेवली.

"मी मुलीकडे राहायला चाललेय. घेणार असशील तर घे. पण आधी नीट बघ, आणि सगळ्यांसमोर सांग. तीस वर्षं माझ्या नवऱ्याला खोटारडा म्हणालास."

"गंमत करायचो गं, विल्मा."

"तो गंमत समजायचा. मी नाही."

हॉलच्या दारावर सुरक्षेसाठी गोळी भरायच्या बोल्टला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी डॉर्सीने कापायला लावली, बोल्ट मागे ओढला, आत गोळी नाही हे बोट घालून पाहिलं. नळीत उजेड टाकला. आतले पेचदार आटे अजून धारदार. बोल्टवरचा आकडा आणि नळीवरचा आकडा एकच.

"चांगली आहे," तो म्हणाला. "पण हे दुकानातल्या रायफलीतही सापडतं."

मग त्याने नळी आणि लाकूड एकत्र धरणारा पुढचा लोखंडी पट्टा काढला, मधल्याची स्प्रिंग दाबली आणि तोही पुढे सरकवला. पट्ट्याखाली, नळीखालच्या लाकडी दस्त्यात एक फट होती, आरपार.

"तडकलाय वाटतं," मी म्हणालो.

"तू पोस्टरं सांभाळ," डॉर्सी म्हणाला. त्याने फटीवरून नख फिरवलं. "तडा असा सरळ जात नाही. ही हातकरवत आहे, आणि बोथट. अख्खी रायफल सैनिकाच्या पिशवीत मावत नाही. म्हणून पोरं पट्ट्याखाली दस्ता कापायची, घरी आल्यावर जोडायची."

"दुकानवाले कापत नाहीत?" विल्माने विचारलं.

"त्यांना पिशवीत कशाला लपवायला हवी? ही एमिलनेच आणली."

विल्मा खुर्चीवर बसली. एका बाईने तिच्यापुढे कॉफी ठेवली. डॉर्सीने दोन्ही पट्टे जागेवर बसवले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"मग घेतोस?" तिने विचारलं.

"नाही घेत. मुलीकडे भिंत असेल ना? तिथे लाव. आणि विल्मा, कुणी हुशार माणूस ती फट बुजवून देतो म्हणाला, तर त्याला आधी माझ्याकडे पाठव."