पेंटबॉलच्या बंदुकीला कुठलं तेल?

आयटीआयला फिटरचा कोर्स केला तेव्हा आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. शेणव्याच्या पुढे डोंगराला लागून आमचं गाव. पास झाल्यावर दोन वर्षं अर्ज केले, पण एकाही कारखान्याने बोलावलं नाही. शेवटी मुरबाडच्या रस्त्यावर नव्याने निघालेल्या एका रिसॉर्टमध्ये काम मिळालं. मुंबईच्या ऑफिसांमधले लोक शनिवार-रविवारी तिथे येत, दोन गट पाडत आणि एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडत. त्या खेळाच्या बारा बंदुका सांभाळायच्या, हे माझं काम.

गावाहून रोज ये-जा जमेना, म्हणून सापगावात खोली घेतली. सोमवारी सुट्टी, आणि मंगळवार ते शुक्रवार मैदानावर चिटपाखरू नसायचं. पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी बंदुका उघडायचे, वाळलेला रंग खरवडायचे, पुन्हा जोडायचे. स्वयंपाकघरातल्या बायका मला 'बंदूकवाली' म्हणायच्या. मी पाणी प्यायला गेले की त्यांचं बोलणं थांबायचं. कितीदा तरी संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना लक्षात यायचं, की आज दिवसभरात आपण तोंड उघडलेलं नाही.

बंदुकांबरोबर तेलाची एक छोटी बाटली आली होती. ती संपल्यावर मी मॅनेजरकडे दुसरी मागितली.

"तेल ते तेल. शहापुरातून आण कुठलं तरी," तो म्हणाला.

मी शिलाई मशीनचं तेल आणलं. पातळ, स्वच्छ, वास नाही. मला ते चांगलंच वाटलं. महिनाभर काही झालं नाही. मग एका शनिवारी मोठा गट आला आणि खेळ ऐन रंगात असताना एकेक बंदूक फुसफुसायला लागली. या बंदुका बाटलीत दाबून भरलेल्या हवेवर चालतात; ती हवा आतल्या आत गळत होती. पाच बंदुकांतून गोळी बाहेरच पडेना. पाहुणे आधी हसले, मग चिडले. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईच्या हातात मशीन दिलं की असं होतं."

पाहुणे गेल्यावर मी बंदुका खोलल्या. आत हवा अडवायला रबराच्या बारीक कड्या असतात, त्या फुगून लिबलिबीत झाल्या होत्या. खाचेत बसतच नव्हत्या. त्यातल्या दोन रुमालात बांधून घरी आणल्या.

माझ्या शेजारच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. कसाऱ्याला रेल्वेत ब्रेक फिटर होते, आता रिटायर झालेले. बायको वारलेली, मुलगी नाशिकला. सात महिन्यांत आमचं बोलणं 'पाणी आलं का' याच्या पुढे गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी त्यांचं दार वाजवलं.

त्यांनी कडी उजेडात धरली, दोन बोटांत दाबली.

"कसलं तेल घातलंस?"

"शिलाई मशीनचं."

"मंग रबर फुगंल नाय तर काय? आमी हवेच्या ब्रेकला हाताला येईल ते तेल कवा लावलं नाय. आधी रबर बघायचं, मंग तेल."

"मग कुठलं लावू, काका?"

"मला काय ठाव, बाय? तुजं रबर कसलं हाय ते मला म्हाईत नाय. त्यालाच इचार."

त्यांनी तीन वाट्या काढल्या. मी दुसऱ्या दिवशी न वापरलेल्या तीन कड्या आणल्या. एक मशीनच्या तेलात, एक गंज सोडवायच्या स्प्रेत आणि एक नळवाले लावतात त्या सिलिकॉनच्या पांढऱ्या ग्रीसमध्ये ठेवली. आठ दिवसांनी पुसून एकाच बोल्टवर चढवून बघितल्या. पहिल्या दोन सैल पडल्या, तिसरी घट्ट बसली.

"तरी घाई करू नको," काका म्हणाले. "जिथून बंदुका आल्या तिथं फोन लाव. आनि हवेच्या बाटलीच्या तोंडाला साधं तेल, ग्रीस कायच लावू नको. दाबाखाली पेट घेतं ते."

मी ऑफिसातून मुंबईच्या विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, पेट्रोलियमचं तेल नको, स्प्रे तर नकोच. या बंदुकांचं वेगळं तेल येतं, हवा आत शिरते तिथे दोन-तीन थेंब, बस. त्याने तेल आणि नव्या कड्या पाठवल्या. मी बाराही बंदुका नव्याने बांधल्या. पुढच्या शनिवारी सगळ्या दिवसभर चालल्या. मॅनेजर काही बोलला नाही. मीही कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार?

काम झालं तसं काकांकडे जायचं मला कारण उरलं नाही. पंधरा दिवस मी त्यांच्या दारावरून तशीच गेले. मग एका सोमवारी तेच माझ्या दाराशी आले. हातात काही नव्हतं. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "बंदुका बऱ्या हायत ना? मला वाटलं, काय बिघडलं आसंल तर..."

कानकोंडी झाले मी. आत बोलावलं, चहा टाकला. त्या दिवशी ते दोन तास बोलले. घाटात मालगाडी थांबली की ब्रेकच्या नळ्या कशा तपासायचे, बायकोला नाचणीची भाकरी कशी झकास जमायची. मी माझ्या आईबद्दल सांगितलं, वर्गातल्या पोरांबद्दल, मॅनेजरच्या त्या वाक्याबद्दल. ते म्हणाले, "मला बी साहेब अडाणी म्हनायचा. गाडी तर माज्याच सहीवर सुटायची."

पुढची दीड वर्षं दर सोमवारी आम्ही चहा एकत्र घेतला. मग ते न्हाणीत पडले, मांडीचं हाड मोडलं आणि मुलगी येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेली. जाताना गाडीत मागच्या सीटवर त्यांना आडवं निजवलं होतं, त्यामुळे काचेतून त्यांचा चेहरा दिसला नाही, नुसता वर केलेला हात दिसला. मी रिसॉर्टमध्ये आणखी वर्षभर होते. त्या खोलीत नंतर एक नवरा-बायको राहायला आले. चांगले होते. मी त्यांच्याशी पाण्याबद्दल बोलायचे.