काचेवरचा हात

सासू गेल्यावर भांडीकुंडी जावेनं नेली आणि तिच्या वाट्याला आली ती चर्चमधली काच पुसायची सेवा.

काचेच्या पेटीत एका बिशपच्या हाताचं हाड होतं. फार पूर्वी प्लेग आला तेव्हा वैद्य पळाले, श्रीमंत पळाले. हा मागे राहून रोग्यांच्या गाठी धूत बसला आणि त्यातच गेला. तो संत ठरला, मग त्याच्या देहाची वाटणी झाली. डोकं एका शहरानं नेलं, काळीज दुसऱ्यानं, हात इथे आला. ही गोष्ट ऐकताना लोकांच्या अंगावर काटा यायचा तो प्लेगमुळे. तिच्या अंगावर यायचा तो वाटणीमुळे.

संताच्या दिवशी रांग लागे. माणूस वाकून काचेचं चुंबन घेई, ती फडकं फिरवी, पुढचा वाके. फडकं दिवसभर एकच आणि कोरडं, हा सासूचा दंडक. कारण संध्याकाळी त्याचे तुकडे लोक आजाऱ्यांच्या उशाखाली ठेवायला नेत. कोरडं कसलं? थुंकी, शेंबूड, लिपस्टिक, कुणाच्या दातातलं कायबाय. घरी येऊन ती हात घासत बसे.

"संताचा हात पुसतेस आणि स्वतःचा सोलतेस," नवरा म्हणे.

यंदा खोकल्याची साथ होती. नातवाची छाती आधीच नाजूक, आणि सून हट्टाला पेटलेली.

"आई, बाळाचे ओठ काचेला टेकवायचेत. नवस बोललेय मी तसा."

"घरी फोटोला टेकव की."

"उद्या म्हणाल, फोनवरच उरका."

मग ती फादरकडे गेली. काच स्पिरिटनं पुसू का, म्हणून विचारलं. फादर हसले. "त्यानं प्लेगच्या गाठी धुतल्या, बाई. आणि तुम्हाला थुंकीची किळस येते?"

"येते, फादर."

"मग प्रार्थना करा."

तिनं केली. किळस होती तिथेच राहिली.

संताच्या दिवशी सुनेच्या पुढे नेमका बेकरीवाला होता. तो खोकला, वाकला, उठला तेव्हा त्याच्या ओठापासून काचेपर्यंत लाळेची तार लांबली. तिनं फडकं फिरवलं. लाळ नुसती पसरली. सुनेनं बाळाला पुढे धरलं. बाळानं आ केला, दिसेल ते चाटायची त्याची सवयच होती.

तिनं काचेवर पंजा ठेवला.

"आई, हात काढा."

"नाही काढत."

"सगळ्यांना चालतं, माझ्याच बाळाला का नाही?"

कुणालाच चालत नाही, हे त्या रांगेसमोर तिच्या तोंडून निघेना. सून बाजूच्या खांबाशी जाऊन उभी राहिली. "दुखला की काढालच हात. मी आहे इथेच."

मागच्या म्हातारीनं काचेवरचा हात पाहिला, क्षणभर थबकली आणि वाकून त्या हाताचंच चुंबन घेतलं.

"यंदा असं आहे वाटतं," कुणीतरी पुटपुटलं. पुढच्यानंही तेच केलं, त्याच्या मागच्यानंही. ऊन, ओले, दाढीचे खुंट टोचणारे ओठ. हात नुसता मागे घेतला की सुटका होती.

खांबाशी सून बाळाला कडेवर घेऊन वाट बघत होती.

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं, पंजा आणखी घट्ट दाबला आणि पुढच्या माणसाला म्हणाली, "चला, लवकर उरका."