उलटी वायर मी जोडली होती

परवा सकाळी चहाच्या टपरीवर आमच्या वर्कशॉपमधल्या एका जुन्या सहकाऱ्याने पुन्हा तोच किस्सा काढला. "घोटीच्या बाईंनी उलटी वायर लावून लेझर उडवला होता, आठवतं?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा आता मलाच वीट आलाय, म्हणून लिहितो.

अंबडच्या त्या वर्कशॉपमध्ये आम्ही पॅकहाउससाठी लाल रेघ पाडणारे लेझर बनवायचो. द्राक्षांच्या पेट्या त्या रेघेवर सरळ लावायच्या. आतला लेझर डायोड भलता नाजूक. व्होल्टेज उलटा गेला की संपला. शेजारची मोटर बंद होताना वायरीत येणारा झटकाही त्याला सोसत नाही. त्याच्याशी उलट्या दिशेने एक साधा डायोड जोडला, की उलटा प्रवाह त्या वाटेने निघून जातो.

वायरिंग करणाऱ्या बाई रोज घोटीहून येत. त्यांनी दोनदा विचारलं, "साहेब, तो बारका डायोड टाकायचा ना?"

"दोनच तर वायरी आहेत, बाई! उलटी लावणार कोण?" मी खेकसलो.

लाल वायर संपली की दोन्ही काळ्या वापरायच्या आणि प्लसच्या वायरीला गाठ मारायची, ही आमची पद्धत. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये असाच एक लेझर बसवायला गेलो, तेव्हा तिथले मालक शेजारी उभे होते. लेझरच्या नव्याकोऱ्या डब्यातून लोंबणारी ती गाठ मला गावंढळ वाटली. मी ती सोडली, डबा पुसला आणि तेवढ्यात कोणती वायर कोणती तेच विसरलो. अंदाजाने जोडली. रेघ उमटेना. वायरी बदलून पाहिल्या, पण लेझर मेला होता.

"आमच्या बाईंनी उलटं जोडलंय," मी मालकांना म्हणालो. वर्कशॉपमध्येही तेच सांगितलं. बाईंना वायरिंगवरून काढून खोकी बांधायला बसवलं. महिन्याभरात त्या यायच्या बंद झाल्या.

परवा टपरीवरून घरी आलो आणि त्यांना फोन करून सगळं सांगितलं.

"मला ठाऊक हाय, साहेब. डबा परत आला तवा वायर गाठीच्या जागी वाकडीच व्हती. माझी गाठ आपोआप सुटत नाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी विचारलं कुठं? आन् आता मला काय सांगता? जिथं हसले तिथं सांगा."

आज टपरीवर सांगितलं. किस्सा काढणारा म्हणाला, "जाऊ दे रे, इतकं जुनं कोणाला आठवतंय!"

परवा तर त्यालाच आठवत होतं.