मानाच्या फळ्यावरची रिम्मा

व्होल्गाकाठच्या कापडगिरणीत कापितोलिनाने एकवीस वर्षं माग चालवला, पण फाटकाजवळच्या मानाच्या फळ्यावर दरवर्षी फोटो लागायचा तो रिम्माचा. दोघींचे माग शेजारी, सूत तेच, आणि कौतुक मात्र त्या नकटीचं! रोज सकाळी आत शिरताना ते हसू दिसलं की कापितोलिनाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग सोव्हिएत देश बुडाला आणि पाठोपाठ गिरणीलाही टाळं लागलं. पगाराऐवजी मिळालेल्या चादरींची गाठोडी घेऊन बाया रडत घरी निघाल्या. कापितोलिनाने तेवढ्यात फळ्यावरून रिम्माचा फोटो उचकटला आणि घरी नेऊन काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"आता हस किती हसतेस ते!"

सतरा वर्षांनी रिम्मा वारली. तिची मुलगी दारात आली.

"कापामावशी, थडग्यावर लावायला आईचा एक धड फोटो नाही गं. तो फळ्यावरचा कुणी नेला, ठाऊक आहे?"

कापितोलिनाच्या तोंडाशी 'नाही' आलं होतं. पण पोरीचे डोळे रडून सुजले होते. तिने बरण्या सरकवल्या.

"घे. मीच जपून ठेवला होता."

ईस्टरनंतर, रिवाजाप्रमाणे मेलेल्यांसाठी रंगवलेली अंडी घेऊन कापितोलिना नवऱ्याच्या थडग्याशी गेली, तर शेजारच्याच दगडावर तिशीतली रिम्मा हसत होती. चांगली अंडी तिने नवऱ्यापुढे ठेवली. मग पिशवीतलं एक तडकलेलं शोधून रिम्मापुढे ठेवलं.

"घे, सटवे. चांगलं सगळं आधीच तुला मिळालंय."