हाजिर की सफर

या सदरात येणारे गूढ अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेकांना मनातल्या मनात उत्तरं देत असतो — वारा असेल, मांजर असेल, अंगात ताप असेल. माझा स्वभावच तसा आहे. खाली लिहितोय त्या प्रसंगालाही मी अशी बरीच उत्तरं देऊन पाहिली. एकही पुरं पडलं नाही. इतकी वर्षं हे लिहिलं नव्हतं, कारण ज्यांच्या घरची ही गोष्ट, त्या चाची हयात होत्या. त्या गेल्या महिन्यात गेल्या.

गोष्ट हिंगोलीची, निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरच्या हिवाळ्यातली. मी म्युनिसिपालिटीच्या दफ्तरखान्यात कारकून होतो. दफ्तरखाना म्हणजे पेठेतल्या एका दुकानावरची लांबट माडी. गावाच्या जुन्या नोंदी — जन्म-मृत्यू, घरजागा, विहिरी — लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून छतापर्यंत रचलेल्या. त्या सांभाळायचे गफूरमिया. माझे वडील लवकर गेले, मॅट्रिक होताच मी नोकरीला लागलो, तेव्हा जुनं उर्दू अक्षर वाचायला त्यांनीच शिकवलं. आमचं बोलणं कमी, आणि तेही बहुतेक कागदांबद्दल. मला तेवढं पुरत असे.

दर गुरुवारी, तेव्हाच्या शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, बस्त्यांची हजेरी व्हायची. मी दारापाशी बसून बस्त्याचं नाव पुकारायचो. गफूरमिया मांडण्यांच्या मागे उभे राहून, बस्त्यावर हात ठेवून म्हणायचे, "हाजिर." बस्ता कोर्टात वगैरे गेलेला असला तर म्हणायचे, "सफर." त्यात त्यांचा एक हट्ट होता. परत आलेला बस्ता डोळ्यांसमोर टेबलावर पडलेला असला तरी त्याला ते हाजिर म्हणत नसत.

"मियासाहेब, हा काय समोर आहे," मी म्हणायचो.

"फळी को लगा क्या? नै ना? फिर सफर में है वो."

त्या हिवाळ्याआधीच्या पावसाळ्यात त्यांना छातीचं दुखणं लागलं. खोकून खोकून आवाज पार गेला. शेवटी ओठांशी कान नेला तरी शब्द कळत नव्हता. ते गेले, आणि त्यांचा चाळिसावा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा फातिहाही, व्हायचा होता तेवढ्यात दफ्तर हलवायचा हुकूम आला. नवी जागा छावणीतली एक रिकामी बराक.

बैलगाड्यांतून सगळं गेलं. तिथे मोजणी झाली तेव्हा एक बस्ता कमी — 'पेठ मोहल्ला, पैदाइश-मौत', कॉलऱ्याच्या सालचा. तो कोर्टात गेलेला मला माहीत होता. विचारून आलो. कोर्टाने तो पावसाळ्यातच परत केला होता, घेणाऱ्याची सही गफूरमियांची. तेव्हा मी आईच्या दुखण्यामुळे जवळा बाजारला होतो.

म्युनिसिपालिटीचे साहेब नवे, बाहेरून बदलून आलेले. म्हणाले, "वारसाच्या भांडणात नेमका हाच कागद लागतो. तुमच्या मियांनी विकला, दुसरं काय? उद्या तसा रिपोर्ट करतो मी."

"साहेब, ते तसे नव्हते."

"गेलेल्या माणसाला सगळे असंच म्हणतात हो."

ते दिवस असे होते की, त्यांच्यासारख्या नावापुढे असं काही लिहिलं गेलं असतं, तर खरं-खोटं कुणी विचारलं नसतं. चाची म्हणजे गफूरमियांच्या पत्नी. जुन्या जागेच्या जिन्याखाली म्युनिसिपालिटीने दिलेल्या खोलीत त्या राहत. रिपोर्ट झाला असता तर खोली गेली असती. पण त्या खोलीबद्दल बोलल्याच नाहीत.

"घर जाता तो जान दे, बेटा. उनके नाम पे चोरी नक्को लिखने दे."

म्हणून त्याच दुपारी मी पुन्हा जुन्या माडीवर गेलो. सखाराम शिपाई जिन्यात बिडी ओढत बसला होता.

"बाबू, झाडून काढली म्या खोली. उंदराची लेंडी बी न्हाई राहिली. काहून चकरा मारून राहिले?"

माडी खरंच मोकळी होती. मांडण्या काढलेल्या, भिंतीवर त्यांच्या जागी फिकट पट्टे, फरशीवर ऊन. मी दारापाशी, माझ्या नेहमीच्या जागी बसलो. शोधायला काही उरलं नव्हतं. थकलो होतो. तसाच, सवयीने, पुकारलं,

"पेठ मोहल्ला, पैदाइश-मौत..."

"सफर."

मांडण्यांच्या मागून — म्हणजे मांडण्या जिथे होत्या तिथून. मोठ्याने नाही, कुजबुजही नाही. गुरुवारी यायचा तसाच आवाज, किंचित कंटाळलेला. मला भीती वाटली नाही. पुढचं नाव पुकारायचं असल्यासारखा मी नुसता बसून राहिलो.

सखाराम जिना चढून आला. "बाबू, कोन हाय आत?"

"कुणी नाही. का?"

"मंग बोललं कोन? गफूरमियावानी..." तो थांबला. त्याने उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.

सफर. बस्ता परत आलाय, पण फळीला लागलेला नाही... मग आहे कुठे? तेव्हा मला पेटी आठवली. कोर्टात बस्ते नेण्या-आणण्याची पत्र्याची पेटी होती, तिला आम्ही सफरी पेटीच म्हणायचो.

"सखाराम, सफरी पेटी कुठंय?"

"ती व्हय? ती नेली की बराकीत. मोकळीच हाय म्हून तिच्यावर माठ ठेवलाय. सायेब त्यातलंच पानी पितेत."

पेटी जाड पत्र्याची, रिकामीसुद्धा दोघांनी उचलावी लागे. म्हणून नेताना कुणाला शंका आली नव्हती. बराकीत जाऊन माठ उतरवला, कडी काढली. आत तो एकच बस्ता, कोर्टाच्या दोरीत बांधलेला तसाच. बहुधा पेटी आली आणि गफूरमियांनी अंथरूण धरलं.

साहेबांनी बस्ता उलटसुलट पाहिला, "बरं झालं" म्हणाले आणि पाणी मागितलं. रिपोर्ट झाला नाही, चाचींची खोलीही राहिली.

चाचींना मात्र मी सगळं सांगितलं.  त्यांनी एवढंच विचारलं, "खाँसे क्या रे?"

"नाही, चाची. साफ आवाज होता."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "बस. किसी को बोल नक्को, बेटा. लोगां मजाक बनाते."

म्हणून बोललो नाही.

प्रतिध्वनी म्हणावा, तर तो आपलेच शब्द परत देतो, आणि 'सफर' मी म्हटलंच नव्हतं. माझ्या मनाचा खेळ म्हणावा, तर सखारामचे कान काही माझे नव्हते. पेटीचं मला आतून कुठेतरी सुचलं असेल, हे मी मान्य करायला तयार आहे. पण आवाज... तो कुणाचा आणि कसा, हे मला आजही सांगता येत नाही.

चाळिसावा झाल्यावर माडीची किल्ली मालकाला द्यायची होती, म्हणून एकदा शेवटचा वर गेलो होतो. दारापाशी उभा राहिलो. "गफूरमिया" असं पुकारावं, अगदी ओठांवर आलं होतं. उत्तर हाजिर येईल की सफर, हे तेव्हा मला फार जाणून घ्यायचं होतं.

पुकारलं नाही. कुलूप लावलं आणि खाली आलो. जिन्याखाली चाची तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "उनो कुछ बोले?"