ऑब्रीने एकच झेंडा हलवला

माझ्या नवऱ्याला ऐकू कमी येतं, हे आमच्या नॅरिंगा गावात कुणापासून लपलेलं नाही. चुलीवरची किटली शिट्टी मारून मारून दमते, तरी ऑब्री पेपरातून मान वर काढत नाही. डॉक्टरांनी कानात घालायला यंत्र दिलंय, पण शनिवारी ते तो घरीच ठेवतो, कारण मैदानावरच्या वाऱ्यात ते कोकलतं म्हणे. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि मग शेजाऱ्यांना वाटतं नोएलीन टकवेलच्या घरी रोज भांडण चालतं. भांडण चालतंच, पण ते वेगळं.

या माणसाने जन्मभर गव्हाचे ट्रक चालवले. त्याबद्दल तो कधी अवाक्षर बोलत नाही. बोलतो ते शनिवारच्या पांढऱ्या कोटाबद्दल. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानेही झेलतात, आणि झेलणाऱ्याला निवांत एक लाथ मारायला मिळते. सामन्यात प्रत्येक क्लब गोलाच्या खांबांमागे उभा राहायला आपला एक माणूस देतो, आणि आमच्या क्लबचा तो माणूस म्हणजे ऑब्री. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू साफ गेला की सहा गुण. याने दोन बोटं दाखवायची आणि दोन झेंडे हलवायचे. चेंडू खांबाला नुसता घासला तरी तो गोल नाही. एक गुण, एक बोट, एक झेंडा. माणूस आमचा, पण कोट अंगात असेपर्यंत तो कुणाचाच नाही. टाळी वाजवायची नाही, चेहरा हलवायचा नाही.

तो कोट शुक्रवारी संध्याकाळी ऑब्री स्वतः इस्त्री करतो. मला हात लावू देत नाही. बाकी घरातल्या कुठल्याही कपड्याला त्याने आजवर इस्त्री फिरवलेली नाही, हे मी सांगून ठेवते.

आणि कोट उतरला की हाच माणूस गावातला सगळ्यात वेडा पाठीराखा. हरलो की गाडीत बसल्यापासून घरापर्यंत एकेका खेळाडूची हजामत. आपल्या पोराची, ब्रेंटचीही, त्याची तर आधी. मग जेवणाच्या टेबलावर तोंडाला कुलूप. मटणाच्या तुकड्याकडे असा बघतो, जणू त्यानेच सोपा झेल सोडलाय. मी या हरण्यांना विटले आहे. आमचा क्लब इतका हरतो की मला वाटतं मी लग्न माणसाशी नाही, पराभवाशी केलंय.

तर तो ऑगस्टमधला शेवटचा सामना. समोर शेजारच्या गावचा क्लब, कोलबी. कोलबीची माणसं आम्हाला दोनच ठिकाणी भेटतात, फुटबॉलला आणि कुणाच्या मयतीला, आणि मयतीला ती बरी वागतात. जिंकलो तर आम्ही पहिल्या पाचांत जाणार होतो, म्हणजे बाद फेरी खेळणार होतो. आमच्या ब्रेंटला दाढी फुटली नव्हती तेव्हापासून आम्ही ती पाहिलेली नाही. आता ब्रेंट चौतिशीचा आहे, दोन्ही गुडघ्यांची वाट लागलेली, आणि तो त्याचा शेवटचा मोसम होता.

मी नेहमीप्रमाणे गाडीत. आमच्याकडे सगळ्या गाड्या कुंपणाला नाक लावून मैदानाभोवती उभ्या असतात, गोल झाला की हॉर्न वाजवायचे. मांडीवर घोंगडी, मधे थर्मास, शेजारी ग्लेनिस. ही ग्लेनिस माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि तेव्हापासूनच ती मला काही ऐकू देत नाही, स्वतः बोलत असते.

शेवटच्या क्षणाला आम्ही तीन गुणांनी मागे. ब्रेंटने तिघांच्या डोक्यावरून चेंडू झेलला आणि सामना संपल्याचा भोंगा वाजला. पण झेल भोंग्याच्या आधीचा, त्यामुळे त्याला एक लाथ मारायला मिळणार होती. समोर खांब. खांबांमागे पांढऱ्या कोटात त्याचा बाप.

"माझ्याने बघवत नाही," ग्लेनिस म्हणाली आणि डोळे फाडून बघत राहिली.

ब्रेंटने मारला. चेंडू उंच गेला, थोडा उजवीकडे कलला आणि खांबांमधून मागच्या झाडांत जाऊन पडला. सगळ्या मैदानाने हॉर्न दाबले. मी दाबला, माझ्या हातावर ग्लेनिसने हात ठेवून आणखी दाबला. माणसं कुंपणावरून उड्या मारून आत घुसली. क्लबचा अध्यक्ष ट्रेव्हर डगन चिखलात गुडघे टेकून बसला, आणि तो माणूस चर्चमध्येही गुडघे टेकत नाही.

या सगळ्या गदारोळात पांढरा कोट शांतपणे उजव्या खांबापाशी गेला. त्याने तळहाताने खांबावर थाप मारली. म्हणजे लागला. मग एक बोट. मग एक झेंडा.

हॉर्न एकेक करून थांबले. पलीकडच्या टोकाला एक गाडी मात्र बराच वेळ वाजत राहिली. त्या बिचाऱ्याला कुणीतरी चालत जाऊन सांगावं लागलं की आपण हरलोय.

"त्याला दिसलं कसं?" ग्लेनिस म्हणाली. "ऐकू तर येत नाहीच."

"खांब बघायला कान लागत नाहीत," मी म्हणाले. पण खरं सांगते, मलाही गोलच वाटला होता.

घरी येताना पहिल्यांदाच ऑब्रीने कुणाची हजामत केली नाही. मीच न राहवून विचारलं, "चेंडू लागल्याचा आवाज आला का तुला?"

"नाही."

"मग?"

"दिसलं. खांबापाशी त्याची फिरकी बदलली."

"आता मी लोकांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

हे त्याचं नेहमीचं. स्वतः गप्प बसणार आणि पावाच्या दुकानातल्या रांगेत मी उभी राहणार.

त्यानंतर नॅरिंगाने जे केलं ते लहान मुलं करणार नाहीत. गाडीच्या काचेवर कुणीतरी चष्म्याच्या दुकानाचं कार्ड खोचून ठेवलं. पाववाला ऑब्रीशी हातवारे करून, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला, "पां-ढरा की ब्रा-उन?" ऑब्रीने ब्राउन घेतला आणि आभार मानले. मला तिथेच तो पाव पाववाल्याच्या तोंडात कोंबावासा वाटला. ड्यून नावाच्या एका महाभागाने फोनवर ती लाथ टिपली होती, आणि गुत्त्यात रोज संध्याकाळी ती लावून बघायचे. मीही पाहिली. अर्धा वेळ त्यात ड्यूनचा अंगठा आहे, उरलेला वेळ आकाश. तरी प्रत्येकाला त्यात स्वच्छ गोल दिसायचा.

"अंगठ्याच्या वर बघ, नोएलीन," ड्यून म्हणाला. "साफ मधून."

"अंगठ्याच्या वर ढग आहे," मी म्हणाले.

"ढगाच्या खाली."

मी हात टेकले.

या सगळ्याचं मला काही वाटलं नसतं. लोक हरले की त्यांना कुणीतरी लागतं, आणि एरवी आम्ही कोलबीला शिव्या देतोच. पण ब्रेंट यायचा बंद झाला. दर रविवारी दुपारी जेवायला येणारा पोरगा, लग्न झाल्यावरही न चुकलेला. आधी गुडघा दुखतोय, मग मेंढ्यांची लोकर कापायची आहे, मग फोनच उचलेना. मी तिघांचं शिजवायचे आणि उरलेलं कुत्र्याला घालायचे. कुत्रं तेवढं खूश होतं.

एका संध्याकाळी ट्रेव्हर डगन घरी आला. टोपी हातात, म्हणजे काहीतरी वाईटच. चहा घेतला, केक खाल्ला, गव्हाला पाऊस हवा म्हणाला, आणि मग खोकला.

"ऑब, समितीत बोलणं झालं. तुझं वय झालं आता. कानाचं असं. आम्हाला वाटतं पुढच्या वर्षी झेंडे कुणी तरुणाने घ्यावेत."

"कोण?" ऑब्रीने विचारलं.

ट्रेव्हर केककडे बघत राहिला. "ब्रेंट. त्याचं खेळणं संपलंच. नजर चांगली आहे."

"हो म्हणाला का तो?"

"विचार करतो म्हणालाय."

मी ट्रेव्हरच्या पुढ्यातून केकची बशी उचलली. त्याचा दुसरा तुकडा अजून संपायचा होता. ऑब्री फक्त "ठीक आहे" म्हणाला आणि त्याला फाटकापर्यंत पोहोचवायला गेला. अरे, भांड की. टेबलावर मूठ तरी आपट. दुसऱ्या दिवशी मी बघते तर हा गॅरेजमध्ये बसून झेंड्यांच्या काठ्यांना तेल लावत होता, देताना त्या नीट दिसाव्यात म्हणून. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

सप्टेंबरात क्लबचं बक्षिसांचं जेवण असतं. मी जाणार नव्हते. ऑब्रीने बूट घातले ते पाहून मीही मुकाट्याने कपडे बदलले. मेरिंगचा, म्हणजे फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा, केक मात्र केला होता, कारण तो दर वर्षी मीच करते आणि नाही केला तर ग्लेनिस करेल. सभागृहात कुणी आमच्या टेबलावर बसलं नाही. केक मात्र सगळ्यांनी कापून नेला. राग नवऱ्यावर होता, मेरिंगवर नव्हता.

वर्षातला सगळ्यात चांगला खेळाडू म्हणून ब्रेंटचं नाव पुकारलं. लोक उभे राहिले. ट्रेव्हरने त्याच्या खांद्यावर हात टाकून माइकमध्ये सांगितलं, "आणि पुढच्या वर्षी झेंड्यांना आमच्याकडे धड डोळे मिळतायत." हशा झाला. ऑब्री समोरचा भोपळा काट्याने बारीक करत होता. आज यंत्र कानात होतं, म्हणजे त्याला सगळं ऐकू आलं होतं.

ब्रेंटने माइक घेतला.

"तो गोल नव्हता," तो म्हणाला. "पायावरून सुटला तेव्हाच मला कळलं की उजवीकडे जातोय. खांबाला लागला. मी पाहिलं. बाबा बरोबर होता."

सभागृहात काटेचमचे थांबले.

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तुम्ही सगळे मला म्हणत होता, तू जिंकून दिलं होतंस, आणि मला ते ऐकत राहायचं होतं." त्याने आमच्या टेबलाकडे पाहिलं. "आणि मला वाटलं होतं, लोक काय बोलतात ते बाबाला ऐकू जाणार नाही."

त्याला एक थोबाडीत ठेवून द्यावी आणि मग कुशीत घ्यावं, असं दोन्ही एकदम वाटलं. आता हे सगळे उठतील, ऑब्रीची माफी मागतील, निदान ट्रेव्हर तरी.

ट्रेव्हरने डोळे पुसले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "असा मुलगा हवा," तो म्हणाला. "बापाचं नाव राखायला स्वतःचा गोल सोडून दिला."

सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. ग्लेनिस माझ्या खुर्चीपाशी येऊन माझा दंड दाबत म्हणाली, "किती गुणी गं तुझा ब्रेंट."

"अगं, तो खरं सांगतोय."

"हो गं हो," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"मी मारलाय तो चेंडू," ब्रेंट मंचावरून सांगत होता. "मी सांगतोय ना, लागला तो."

"तुला तिथून काय दिसणार, ब्रेंट," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्ही बाजूला होतो." आणि ड्यूनने फोन बाहेर काढला. तीन टेबलांवरची माणसं त्याच्याभोवती गोळा झाली आणि पुन्हा एकदा सगळ्यांना अंगठ्याच्या वर गोल दिसला.

ब्रेंट खाली उतरून आमच्याकडे आला. तोंड लालबुंद. "बाबा, कुणी ऐकतच नाहीये."

ऑब्रीने पायाने शेजारची खुर्ची बाहेर सरकवली. "बस. आता दर शनिवारी हेच आहे. झेंडे उद्या घरून घेऊन जा. उद्या रविवारच आहे."

"ते तुझे आहेत. मी नाही घेणार."

"घे. तुला दिसतं." ऑब्रीने भोपळ्याची बशी बाजूला केली. "एक लक्षात ठेव. बोट वर करताना खेळाडूच्या तोंडाकडे बघायचं नाही. माझी त्या दिवशी चूक झाली, मी बघितलं. सगळे उड्या मारत होते आणि तू मान खाली घालून उभा होतास."

ब्रेंटने बापाच्या बाहीला नुसतं धरलं.

म्हणजे पोराला खरं माहीत आहे, हे या माणसाला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. पावाच्या दुकानात, गुत्त्यात, ट्रेव्हर केक खात होता तेव्हा, रविवारी तिसरी बशी मी परत कपाटात ठेवायचे तेव्हाही. आणि त्याने माझ्याजवळसुद्धा पोराचं नाव घेतलं नाही.